सरावाचे गुण आणि गुणांचा सराव

दिवाळी तोंडावर आली, की महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांतून रविवारी संध्याकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'आज किती पडले?' विचारणारे वडील कुठल्याशा बँकेत किंवा जिल्हा परिषदेच्या कचेरीत नोकरीस असतात. ज्याला विचारायचे तो मुलगा वाणिज्य अथवा अभियांत्रिकी शाखेचा पदवीधर असतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या 'कॅट' या प्रवेश परीक्षेसाठी दर रविवारी एक सराव परीक्षा देत असतो. 'बासष्ट,' असे खालच्या आवाजात उत्तर येते. 'मागच्या रविवारी एकाहत्तर होते ना रे?' यावर मात्र उत्तर येत नाही. जेवणे मुकाट्याने उरकतात. त्याच रात्री तो मुलगा निश्चय करतो, की यापुढे आठवड्याला एक नव्हे, दोन सराव परीक्षा द्यावयाच्या.

या साध्या घरगुती प्रसंगात दोन गैरसमज एकत्र नांदत आहेत. नऊ गुण कमी पडले म्हणजे मुलाची तयारी मागे पडली, हा पहिला. आणि अधिक परीक्षा दिल्या म्हणजे गुण वाढतील, हा दुसरा. वडिलांचा लोभ खोटा नाही, मुलाचे कष्टही खोटे नाहीत. परंतु या दोन गैरसमजांपायी दरवर्षी कित्येक तरुणांची उमेदीची वर्षे आणि त्यांच्या पालकांची जपून ठेवलेली शिल्लक खर्ची पडते. त्याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे, खेड्यापाड्यांतून आलेली आणि मराठी माध्यमात शिकलेली काही गुणी मुले दोन-चार सराव परीक्षांच्या आकड्यांवरून आपली लायकी ठरवून मोकळी होतात व मैदानातून माघार घेतात. म्हणून या आकड्याचा खरा अर्थ काय आणि तो वाढतो कसा, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

परीक्षेची मांडणी

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, म्हणजेच आय.आय.एम.च्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ही परीक्षा घेतली जाते. इतर अनेक व्यवस्थापन संस्थाही तिचे गुण ग्राह्य धरतात. २००८ पर्यंत ती कागदावर होत असे. २००९ पासून ती संगणकावर होऊ लागली. २०२४ च्या परीक्षेत एकूण ६८ प्रश्न होते : इंग्रजी भाषा व वाचन-आकलनाचे २४, माहितीचे विश्लेषण व तर्क यांचे २२ आणि गणिताचे २२. प्रत्येक विभागास ४० मिनिटे, आणि एका विभागाचा वेळ संपल्यावर मागे फिरण्याची मुभा नाही. बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात, पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण कापला जातो, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे टंकलिखित करावयाची असतात, त्यांत चुकल्याबद्दल वजावट नसते.

त्या वर्षी सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेस बसले. या परीक्षेचा निकाल केवळ गुणांत नव्हे, तर शततमकात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत पर्सेंटाइलमध्ये, सांगितला जातो. एखाद्यास ९९ पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ त्याला शेकडा ९९ गुण पडले असा मुळीच नव्हे. शंभरांतील नव्व्याण्णव उमेदवार त्याच्या मागे राहिले आणि सुमारे २,९०० त्याच्या पुढे गेले, एवढाच त्याचा अर्थ. अलीकडच्या परीक्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांवर ही पायरी गाठता आली आहे. शाळेत शंभरापैकी नव्वद मिळवण्याची सवय लागलेल्या हुशार मुलाला हे पहिल्यांदा उमगते, तेव्हा तो गोंधळून जातो. निम्मा पेपर सोडून देणारा पहिल्या शंभरांत एक ठरू शकतो, ही गोष्ट त्याच्या आजवरच्या संस्कारांत बसत नाही.

नऊ गुणांचा अर्थ

आता पुन्हा त्या रविवारच्या संध्याकाळकडे वळू. एक साधे गणित मांडून पाहावे. समजा, एखादा विद्यार्थी प्रत्येक सराव परीक्षेत ४० प्रश्न सोडवतो, सर्व प्रश्न पर्यायी आहेत आणि कोणताही प्रश्न बरोबर येण्याची त्याची शक्यता शेकडा ७० आहे. सरासरीने त्याचे २८ प्रश्न बरोबर येतील व १२ चुकतील; म्हणजे ८४ वजा १२, एकूण ७२ गुण. ही त्याची खरी योग्यता. परंतु दर रविवारी त्याला नेमके ७२ पडतील काय? नाही. संख्याशास्त्राच्या नियमानुसार, त्याच्या तयारीत तसूभरही फरक पडला नसताना, त्याचे गुण केवळ योगायोगाने बारा-एक गुणांनी वर-खाली होत राहतील. तीन रविवारांपैकी साधारण दोन रविवारी ते ६० ते ८४ च्या दरम्यान असतील आणि एखाद्या रविवारी त्याही बाहेर जातील. प्रश्नपत्रिकांच्या काठिण्यात होणारा फरक यात धरलेलाच नाही. तो धरला, तर ही चढउतार आणखी वाढेल.

म्हणजेच एकाहत्तरावरून बासष्टावर येणे ही घसरण नव्हे, आणि बासष्टावरून ऐंशीवर जाणे हीदेखील प्रगती असेलच असे नाही. हीच चढउतार चार परीक्षांच्या सरासरीत निम्म्यावर येते. सहा-सात आठवड्यांचे आकडे ओळीने मांडले म्हणजे त्यांतून काही दिशा दिसू लागते. एका दिवसाच्या पावसावरून मोसमाचा अंदाज शेतकरी बांधत नाही. पालकांनीही तो बांधू नये.

या चढउतारीतून आणखी एक फसवा अनुभव येतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून दाखवून दिले, की अतिशय उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याहून थोडी कमी उंच असतात आणि अतिशय बुटक्या आईवडिलांची मुले सरासरीने थोडी अधिक उंच. टोकाच्या मापानंतर येणारे माप मध्याकडे झुकते. परीक्षांच्या गुणांनाही हाच नियम लागू पडतो. फारच वाईट गेलेल्या परीक्षेनंतरची परीक्षा, काही न करताही, बहुधा बरी जाते. वाईट परीक्षेनंतर रागावलेल्या वडिलांना वाटते की आपले रागावणे कामी आले. उत्तम परीक्षेनंतर शिक्षकांनी पाठ थोपटली आणि पुढच्या वेळी गुण उतरले, तर कौतुकाने पोरगे बिघडते, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही निष्कर्ष निराधार असतात. परंतु त्यांवर घराघरांतील आणि वर्गावर्गांतील शिस्तीचे शास्त्र उभे असते.

सराव परीक्षेतील पर्सेंटाइलची गोष्ट तर याहून नाजूक आहे. खाजगी क्लासेसच्या सराव परीक्षेत मिळालेले पर्सेंटाइल त्या परीक्षेला त्या आठवड्यात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेतले असते. जूनमध्ये कोण बसले आणि ऑक्टोबरमध्ये कोण टिकून राहिले, यानुसार ती तुलनाच बदलते. तयारी अपुरी वाटणारे अनेक जण शेवटच्या महिन्यांत सराव परीक्षा देणे सोडून देतात. उरतात ते बहुतांशी नेटाने अभ्यास करणारे. अशा वेळी एखाद्या मुलाचे गुण वाढूनही पर्सेंटाइल जागच्या जागी राहिले, तर त्यात नवल नाही. दुसरे असे, की मधल्या पायऱ्यांवर उमेदवारांची गर्दी दाट असते. तिथे दोन प्रश्न अधिक बरोबर आले, तर हजारो उमेदवार मागे पडतात. अगदी वरच्या टोकाला तेवढ्याच दोन प्रश्नांनी त्या मानाने थोडेच उमेदवार मागे पडतात. तेव्हा ८० वरून ९० वर जलद पोचलेला विद्यार्थी ९७ वर अडकला, म्हणून त्याची मेहनत आटली असे समजण्याचे कारण नाही.

प्रश्न सोडून देण्याचे शास्त्र

गुण वाढवण्याचा पहिला मार्ग नवे काही शिकण्यातून जातच नाही; तो प्रश्न सोडून देण्यातून जातो. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात संधित्यागाच्या खर्चाची कल्पना शिकवली जाते. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी सोडून द्यावी लागलेली दुसरी वस्तू. गणिताच्या ४० मिनिटांत २२ प्रश्न. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटांहून कमी वेळ. एका अवघड प्रश्नाशी सहा मिनिटे झुंजून विद्यार्थ्याने तीन गुण मिळवले, तर त्याला विजयाचा आनंद होतो. पण त्या सहा मिनिटांत शेवटच्या पानावरील तीन सोपे प्रश्न सुटले असते, तर त्याने तीन गुणांसाठी नऊ गुण मोजले असे होईल. विश्लेषणाच्या विभागात हे अधिकच प्रकर्षाने जाणवते. २०२४ मध्ये त्या विभागात पाच संच होते. पाचही संचांना हात लावणाऱ्याला प्रत्येकी आठ मिनिटे मिळतात. पहिली काही मिनिटे केवळ निवडीसाठी खर्च करून तीनच संच घेणाऱ्याला प्रत्येकी बारा मिनिटे मिळतात. कोणते तीन घ्यावयाचे, हे ओळखणे हीच तिथे खरी परीक्षा असते.

अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांचेही गणित असेच स्पष्ट आहे. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर चारांत एकदा तीन गुण मिळतात आणि तीनदा एकेक गुण जातो. एकूण हिशेब शून्य. म्हणजे अंदाज हा लाभाचा नाही आणि तोट्याचाही नाही. तो केवळ चढउतार वाढवतो. मात्र एक पर्याय निश्चितपणे चुकीचा आहे हे ठाऊक असेल, तर सरासरीने प्रत्येक अंदाजामागे एक तृतीयांश गुण पदरात पडतो; दोन पर्याय बाद करता आले, तर पूर्ण एक गुण. याउलट, महाराष्ट्र राज्याच्या एम.बी.ए.च्या सामाईक प्रवेश परीक्षेत २०२५ पर्यंत १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि चुकीबद्दल कोणतीही वजावट नाही, अशी पद्धत राहिली आहे. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणे हे नुकसानच. एकाच वर्षी दोन्ही परीक्षा देणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. आणि एकीकडची सवय दुसरीकडे नेऊन दोन्हीकडे गुण गमावणारेही कमी नसतात.

चुकांची वही

परंतु निवडीच्या शहाणपणालाही मर्यादा आहे. मुळात जे येत नाही, ते निवडीने येणार नाही. इथेच आठवड्याला दोन परीक्षांचा निश्चय करणाऱ्या मुलाची गफलत होते. परीक्षा हा तापमापक आहे. ताप उतरावा म्हणून दर तासाला तापमापक लावणाऱ्याला घरची माणसे हसतील. पण गुण वाढावेत म्हणून रोज परीक्षा देणाऱ्याला मात्र ती कष्टाळू म्हणतात. पहिल्या पाच-सहा सराव परीक्षांतून वेळेचा अंदाज येतो, संगणकासमोर सलग दोन तास बसण्याची सवय जडते, मनातील भीड चेपते. त्यानंतर घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम लागू होतो. तिसावी परीक्षा एकोणतिसाव्या परीक्षेत न कळलेली कोणतीच गोष्ट सांगत नाही, जर मधल्या काळात काही बदलले नसेल तर.

बदल घडतो तो दोन परीक्षांच्या मधल्या दिवसांत. दोन तासांच्या परीक्षेमागे निदान चार तास तिची चिकित्सा करण्यात जावेत, असे म्हटले तर विद्यार्थ्यांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु गुणवाढीचे रहस्य बव्हंशी इथेच आहे. या चिकित्सेसाठी महागड्या साधनांची गरज नाही. दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक चुकलेला प्रश्न त्या वहीत उतरवावा आणि चुकीची जात लिहावी. संकल्पनाच ठाऊक नव्हती, ही एक जात. संकल्पना ठाऊक होती पण प्रश्न घाईने वाचला, ही दुसरी. उत्तर बरोबर आले पण पाच मिनिटे लागली, ही तिसरी. हा प्रश्न मुळात हाती घ्यावयासच नको होता, ही चौथी. आणि पाचवी जात सर्वांत लबाड : उत्तर बरोबर आले, पण का आले हे ठाऊक नाही. गुणपत्रिकेवर ही पाचवी चूक यशाचा वेष घेऊन येते, म्हणून तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

चुकीची जात ठरली, की उपायही वेगळा ठरतो. एखाद्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली आणि नंतर २० टक्क्यांनी उतरली, तर मूळ किमतीत फरक किती, या प्रश्नाला 'काहीच नाही' असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला वेगाची नव्हे, तर समजुतीची गरज आहे. १०० चे १२० झाले आणि १२० चे २० टक्के म्हणजे २४ वजा झाले, उरले ९६, हे त्याने एकदा कागदावर करून पाहिले पाहिजे. त्याने आणखी पन्नास सराव परीक्षा दिल्या, तरी तो ही चूक पन्नास वेळा करील. याउलट, हेच गणित येत असूनही 'वाढली' ऐवजी 'उतरली' असे वाचणाऱ्याने शेकडेवारीचे प्रकरण पुन्हा वाचून काहीही साधणार नाही. त्याला प्रश्न शेवटपर्यंत वाचून मगच लेखणी उचलण्याची सवय लावून घ्यावी लागेल.

वहीतील प्रश्न पुन्हा केव्हा सोडवावेत, यालाही शास्त्र आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला होता. पाठ केलेल्याचा बराचसा भाग पहिल्या काही तासांतच गळून जातो, असे त्याला आढळले. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना मजकूर वाचावयास दिला. काही मजकूर त्यांनी पुन्हा वाचला. काही न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पाहिले, तर पुन्हा वाचलेले अधिक लक्षात होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के लक्षात राहिले, आठवून लिहिलेल्यातले ५६. चुकलेल्या प्रश्नाचे छापील उत्तर वाचून 'हां, आले लक्षात' असे म्हणणारा विद्यार्थी पहिल्या रीतीचा. तेच गणित उत्तर झाकून त्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवणारा दुसऱ्या रीतीचा. पहिल्याचे समाधान तात्काळ असते, दुसऱ्याचे ज्ञान टिकाऊ.

वाचनाचे भांडवल

गणित आणि तर्क यांतील उणीव वर्षभराच्या नेटाने बरीचशी भरून निघते. इंग्रजी वाचनाची तशी भरून निघत नाही. आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची खरी कोंडी इथे होते. पहिल्या विभागातील २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. उतारे मानववंशशास्त्राचे, कलेच्या इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे, अर्थकारणाचे; प्रश्न शब्दार्थाचे क्वचित, लेखकाच्या युक्तिवादाचे अधिक. मनातल्या मनात मराठीत भाषांतर करीत वाचणाऱ्या मुलाचा निम्मा वेळ भाषांतरातच जातो. मग क्लासमधून त्याला युक्त्या शिकवल्या जातात : आधी प्रश्न वाचा, पहिले व शेवटचे वाक्य पाहा, अमुक शब्द असलेला पर्याय टाळा. या युक्त्यांनी दोन-चार गुण वाढतात आणि तिथेच थांबतात, कारण उतारा समजण्याला पर्याय नाही.

वाचन हे भांडवल आहे आणि भांडवल बचतीतूनच साठते. रोज तासभर, वर्षभर, हीच त्याची किंमत. सुरुवात आपल्या विषयापासून करावी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंग्रजी दैनिकातील अर्थविषयक अग्रलेखापासून, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विज्ञानविषयक निबंधापासून प्रारंभ करावा आणि मग हळूहळू परक्या प्रांतात शिरावे. प्रत्येक लेखानंतर त्याचे म्हणणे दोन वाक्यांत, वाटल्यास मराठीत, लिहून काढावे. मराठीत लिहिण्याने नुकसान होते, ही समजूत चुकीची आहे. एखादा लेखक प्रतिपक्षाचा आक्षेप आधी मान्य कसा करतो, मग त्याला वळसा कसा घालतो आणि निष्कर्षावर कसा येतो, हे ज्याने इरावती कर्व्यांचे 'युगान्त' लक्षपूर्वक वाचताना अनुभवले आहे, त्याला युक्तिवादाचे वळण इंग्रजीतही ओळखू येते. अडते ते केवळ शब्दांपाशी. शब्द शिकता येतात. युक्तिवादाचा माग काढण्याची सवय मात्र कोणत्याच भाषेत नसेल, तर ती तीन महिन्यांच्या क्लासमधून येत नाही.

या बाबतीत महाविद्यालयांची जबाबदारी मोठी आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील ग्रंथालय परीक्षेच्या दिवसांत मार्गदर्शकांच्या देवघेवीपुरते उरले, तर तेथील पदवीधराला ही परीक्षा कधीच समान पातळीवर देता येणार नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला एक निबंध वर्गात वाचून त्यावर चर्चा होणे, यासाठी ना अनुदान लागते, ना नवी इमारत. एका प्राध्यापकाची इच्छा आणि पंचेचाळीस मिनिटे एवढे पुरते.

मापाचे ध्येय होते तेव्हा

१९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले. त्याचा आशय असा, की एखाद्या आकडेवारीतील नियमितपणा पाहून तिच्याच आधारे नियंत्रण करू गेले, की तो नियमितपणा ढासळतो. सराव परीक्षेच्या गुणांचे नेमके तेच होते. वडील, मित्र आणि क्लासचालक यांना दाखवावयाचा आकडा, असे त्याचे रूप झाले, की विद्यार्थी नकळत त्या आकड्याची बडदास्त ठेवू लागतो. आधी पाहिलेल्या प्रश्नांची परीक्षा देतो, सोप्या म्हणून नावाजलेल्या मालिका निवडतो, कच्च्या विभागाचा सराव टाळतो, मध्येच परीक्षा थांबवून चहा घेतो. आकडा वाढतो आणि आकड्याचा आजवर जो काही उपयोग होता, तो संपतो. सरावाचे गुण मिळवण्याऐवजी तो गुणांचा सराव करू लागतो.

या प्रवृत्तीला बाजाराचे खतपाणी मिळते. क्लासचे शुल्क, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, सराव परीक्षांच्या निरनिराळ्या मालिका, शहरात कॉट बेसिसवर घेतलेली जागा, मेस : एका वर्षाच्या तयारीचा हा हिशेब कारकुनाच्या पगारावर चालणाऱ्या घराला जड जातो. वास्तविक, परीक्षा घेणाऱ्या संस्था मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उपलब्ध करून देतात आणि परीक्षेपूर्वी संगणकावरील एक नमुना परीक्षाही विनामूल्य देतात. या अस्सल प्रश्नपत्रिका दोनदा-तीनदा चुकांच्या वहीसह सोडवणे, हे तीन नव्या मालिका विकत घेण्याहून अधिक फलदायी ठरेल. क्लासचा उपयोग नाही, असे नव्हे. शिस्त, सोबत आणि शंकासमाधान या गोष्टी तिथे मिळतात. परंतु परीक्षांची संख्या हे क्लासचे विक्रीमूल्य आहे. विद्यार्थ्याची प्रगती मोजण्याचे ते माप नव्हे.

आणि सरतेशेवटी, समाज म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. पर्सेंटाइल हे सापेक्ष माप आहे. सर्वच उमेदवारांनी दुप्पट सराव केला आणि सर्वांचेच गुण दहाने वाढले, तर एकाचेही स्थान बदलणार नाही. सर्व प्रवासी एस.टी. स्थानकावर तासभर आधी येऊन उभे राहिले, म्हणून गाडीतील आसने वाढत नाहीत. वाढते ते फक्त ताटकळणे. या शर्यतीत बहुसंख्यांना इच्छित प्रवेश मिळणार नाही, हे गणिती सत्य आहे. ज्यांना मिळतो, त्यांचाही निर्णय केवळ या परीक्षेवर होत नाही. मुलाखत, आधीच्या परीक्षांचे गुण, कामाचा अनुभव यांचाही विचार होतो. मग ज्यांना प्रवेश मिळणार नाही, त्यांच्या वर्षाचे काय? त्यांनी वर्षभर नुसता आकडा जोपासला असेल, तर डिसेंबर-जानेवारीत निकालाबरोबर सारेच संपते. त्यांनी वाचनाची सवय, चूक निरखण्याचा प्रामाणिकपणा आणि वेळेची निवड करण्याचे शहाणपण कमावले असेल, तर ते बँकेच्या परीक्षेत, नोकरीत, व्यवसायात त्यांच्यापाशीच राहील. सुदैवाने, गुण वाढवणारी तयारी आणि अशी टिकाऊ तयारी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

तेव्हा रविवारच्या संध्याकाळी वडिलांनी मुलाची चौकशी जरूर करावी. ती न केली, तर त्याला एकटे वाटेल. फक्त प्रश्न बदलावा. 'आज किती पडले?' याऐवजी 'आज काय चुकले, आणि मागच्या रविवारी चुकलेले आज जमले का?' असे विचारावे. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येणार नाही. मुलाला वही आणावी लागेल, जेवणाच्या ताटाशेजारी ती उघडावी लागेल, आणि शेकडेवारीचे एखादे गणित, उभा जन्म हिशेब तपासण्यात घालवलेल्या वडिलांना, समजावून सांगावे लागेल. जे गणित असे समजावून सांगता येते, ते नोव्हेंबरच्या अखेरीस चुकण्याचा संभव फार कमी असतो.